आधी बसायला शिका

येरमाळ्याचा हायवे ओलांडायला त्यांना जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात माझं वरण शिजून त्याला फोडणी बसायची. उगीच म्हणत नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं वेल्डिंगचं दुकान दिसायचं आणि दुकानासमोर हायवे. ते पलीकडच्या हॉटेलात चहाला निघायचे. एक पाय टाकायचे, त्याच्यावर सगळं वजन उतरू द्यायचे, मग दुसरा पाय असा उचलायचे, जणू तो कुणा परक्याचा आहे आणि यांच्याकडं जपायला ठेवलाय. बार्शीची एसटी करकचून थांबायची. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून त्यांच्या आईपर्यंत पोचायचा. हे हात वर करून म्हणायचे, "जावा जावा, तुमाला घाई हाय." आणि पुन्हा तीच चाल.

गावात त्यांना 'सिंगापूर' म्हणत. "सिंगापूर आलंय का दुकानात?" असं. मी मास्तर म्हणायचे आणि ते दर वेळी दुरुस्त करायचे, "मास्तर तुमी, बाई. म्या वेल्डर."

मूळचे तेरखेड्याचे. घरात शोभेच्या दारूचं काम. भुईनळे, फटाक्यांच्या माळा हे सगळं त्यांनी लहानपणी हातानं भरलेलं. "आमच्यात बोलायच्या आधी हळू हात चालवायला शिकवत्यात," ते सांगायचे, "घाई केली की शिकवायला कोन उरत न्हाय अन् शिकायला बी." पुढं वेल्डिंग शिकून ते सिंगापूरला गेले. जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत अकरा वर्षं काम केलं. राहायच्या इमारतीखाली एक चिनी म्हातारा रोज पहाटे झाडासमोर हात छातीपुढं गोल धरून उभा असायचा. हे येता-जाता बघायचे. एक दिवस त्यानं बोटानं खूण केली, ये, उभा राहा. हे राहिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

"म्हणून तर शिकलो," मास्तर म्हणायचे. "भाषा आली असती तर दोघंबी नुसतं बोलत बसलो असतो."

त्या विद्येला ताओ म्हणतात आणि ताओ म्हणजे वाट, एवढंच त्यांना पुढं कुणीतरी सांगितलेलं. जास्तीचं विचारलं की म्हणायचे, "पाण्यावानी ऱ्हायचं. पाणी खालच्या अंगानं जातं, कुनाशी भांडत न्हाय."

"मास्तर, आपल्याकडं पाणी टँकरनं येतं," मी म्हणाले, "आणि गावातली सगळी भांडणं तिथंच होतात."

ते इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. खाली बसायला त्यांना कधीच लाज वाटायची नाही. भर बाजारात, लग्नाच्या मांडवात, तहसीलच्या रांगेत, थकले की बसले. लोक वळसा घालून जायचे.

सिंगापूर सोडताना त्या म्हाताऱ्यानं त्यांच्याकडून शब्द घेतला होता, तोही खुणांनीच. आपल्या छातीवर हात, यांच्या छातीवर हात, मग समोर रिकाम्या हवेत हात. म्हणजे पुढच्याला दे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. तेव्हा ही एक गोष्ट कुणाच्या तरी हवाली करायची, हेच त्यांच्या जिवाला लागून राहिलेलं. "गर्दी नको मला," म्हणायचे. "एकच मानूस पायजे. कुनी बघत नसताना उभं ऱ्हानारं."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. सांगताना आज पंचाहत्तरीला आलेल्या मला त्या अठ्ठावन्न वर्षांच्या पोरीची कीव येते. नुकती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. शाळा सुटली होती, पण घंटा माझ्या डोक्यात वाजतच होती. सकाळी सात वाजता मी अंगणात उभी राहून कोंबड्यांची हजेरी घेत असे असं माझी जाऊ म्हणायची. तिला मी धाकटी म्हणते, ती मला अक्का. एका अंगणात आमची दोन घरं. माझे मालक गेल्यापासून माझं ताट तिच्याकडंच. धाकटीची ज्वारीची भाकरी म्हणजे परातीएवढी, कागदासारखी सारखी, कडेला कुठं चीर नाही. पाहुणे कालवण विसरायचे पण भाकरी लक्षात ठेवायचे.

माझा उजवा गुडघा धरला होता. खिडकीतून रोज बघून बघून एक दिवस मी हायवे ओलांडला, माझ्या वेगानं.

दुकानामागं एक लिंब होता. त्याच्यासमोर चार-पाच बायका उभ्या. मी म्हणाले, "मलाही शिकवा." ते म्हणाले, "बसा." मी दगडावर बसले. "उठा." उठले. "बसा." आठ दिवस हेच. छत्तीस वर्षं मी पोरांना उठाबशा काढायला लावल्या, त्याची फेड देवानं सिंगापूरमार्गे पाठवली असं मला वाटलं.

"मास्तर, उभं राहायचं कधी शिकवणार?"

"उभं कुनीबी ऱ्हातंय, बाई. थकल्यावर आपल्या आपन खाली बसायचं, ते लई जनास्नी येत न्हाय. मंग पडत्यात. आधी बसायला शिका."

मी मान डोलावली. मुख्याध्यापिकेची मान. ती फार लवकर डोलते.

पुढचं शिक्षण गमतीचं होतं. दोन्ही हातांनी आभाळ उचलायचं. धनुष्य ओढायचं, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. मान हळूच मागं वळवायची, त्याला त्यांनी 'म्हैस मागं बघती' असं नाव दिलेलं. टाचा उचलून जमिनीवर सोडायच्या. आणि शेवटी ते उभं राहणं. गुडघे किंचित सैल, हात छातीपुढं गोल, मोठा रांजण कवेत धरल्यासारखे. श्वास बेंबीखाली सोडायचा. नवख्या माणसाला तीन मिनिटं. फार झालं तर पाच.

"आनि चतकोर राखा," ते आमच्यातून फिरत म्हणायचे. हात वर जात असेल तेवढा न्यायचा नाही, जरा कमी. कमरेत वळता येईल तेवढं वळायचं नाही, जरा कमी. "भाकरीचा चतकोर ताटात ऱ्हाऊ द्या. सगळी खाल्ली की उद्याची भूक मेली."

सगळ्यात अवघड म्हणजे आतल्या अवयवांकडं बघून हसायचं. डोळे मिटून काळजाला हसायचं, मग गुर्द्यांना. रोज ते गंभीरपणे विचारायचे, "आज गुर्द्याला हसलात का?" त्यावर एक बाई म्हणाली, "मास्तर, म्या सासूला हसले न्हाय कवा, गुर्द्याला काय हसू?" ते म्हणाले, "हसा. त्यो उलटं बोलत न्हाय." कुणी चिनी विद्या म्हणून नाक मुरडलं तर त्याच्याआधी तेच म्हणायचे, "चिनी माल हाय बाबा, ग्यारंटी न्हाय."

दोन महिन्यांत माझा गुडघा सुटला. मी जिना चढले, उतरले, आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली.

आमच्या भागात काही बाया नवरात्रात नऊ दिवस खाली न बसायचा नवस करतात. जेवण उभ्यानं, झोपसुद्धा कशाला तरी टेकून. आमच्या गल्लीत एक आजी तसं करायच्या आणि सगळं गाव त्यांच्या पाया पडायचं. मला वाटलं, नवस आणि मास्तरांची विद्या एकत्र केली तर? इतकी हुशार कल्पना येरमाळ्यात दुसऱ्या कुणाला सुचली नसती, आणि ते गावाचं नशीब.

मी भजनी मंडळाच्या बायकांना गोळा केलं. गल्लीच्या सभामंडपात, उपाशीपोटी, रांजण धरून उभं राहायचं. पहिल्या माळेला पाव तास, दुसऱ्या माळेला अर्धा, असं रोज पाव तासानं वाढवत न्यायचं. बॅनर छापून घेतला. 'स्थिरशक्ती साधना सोहळा'. खाली माझं नाव, नावामागं सेवानिवृत्त मुख्याध्यापिका आणि पुढं योगसाधिका. ही पदवी मीच मला त्या दिवशी सकाळी दिली होती. बायकांनी विचारलं, "सिंगापूरला इचारलं का?" मी म्हणाले, "त्यांनीच तर वेळ ठरवून दिलाय."

हे पहिलं खोटं. इतक्या सहज तोंडातून आलं की मला ते खोटं वाटलंच नाही.

पाचव्या माळेला मास्तर आले. मंडपात आले नाहीत, पायरीपाशी थांबले. मी बाहेर गेले. धाकटी दाराजवळ उभी होती, हात गोल, ओठ पांढरे.

"बाई," ते हळूच म्हणाले, "बसवा त्यास्नी. उपाशी मानसाला हे द्यायचं न्हाय. पाच मिन्टं म्हनलं हुतं म्या."

"मास्तर, यांची श्रद्धा मोठी आहे."

"श्रद्धा मोठी हाय, पोट रिकामं हाय. बसवा."

मी म्हणाले, "तुम्हाला तुमच्याच विद्येची भीती वाटते." हे वाक्य मी हसून म्हणाले. आज लिहिताना ते हसू माझ्या गालावर कसं होतं तेही आठवतं, आणि गालच काढून ठेवावा वाटतो.

ते वळले, एक पाय टाकला, त्यावर वजन येऊ दिलं, मग दुसरा.

सहाव्या माळेला दीड तास होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरचा वार्ताहर फोटो काढायला येणार होता, तेव्हा रांग पूर्ण हवी होती. आरतीआधी, ऊन अजून मंडपात होतं तेव्हा, धाकटी म्हणाली, "अक्का, डोळ्यापुढं काळं यायलंय. बसू का?"

मी म्हणाले, "मनाचे खेळ आहेत. उभी राहा."

ती राहिली. मी सांगितलं म्हणून राहिली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मी सांगेन ते करत आली होती. थोड्या वेळानं ती अशी पडली की हात पुढं टेकवला आणि तो फरशीवर नको तसा दुमडला. तो आवाज मी सांगणार नाही.

माझा दीर धावत आला. मंडपात सगळी गल्ली जमली. "कुनी शिकवलं हे? कुनी ठरवलं इतका येळ?" तो ओरडत होता. मागून मास्तर आले. हायवे ओलांडून, पहिल्यांदाच भराभर. हातात पाण्याचा तांब्या. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या डोक्यावर माझ्या नावाचा हातभर बॅनर फडफडत होता. त्याच्याखाली उभी राहून मी म्हणाले, "वेळ मास्तरांनी ठरवला होता. मी फक्त सांगितलं तसं केलं."

त्यांनी तांब्या धाकटीपाशी ठेवला. तिचं डोकं उचलून दोन घोट पाजले. मग उभे राहिले आणि म्हणाले, "व्हय. म्याच ठरवला."

लोकांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? गावातल्या निम्म्या माणसांच्या वह्यांवर बरोबर-चूकच्या खुणा मीच केल्या होत्या.

धाकटीला बार्शीला नेलं. प्लास्टर झालं. घरातली कामं थांबत नाहीत, तिनं हात लवकर कामाला लावला आणि मनगट थोडं वाकडंच जुळलं. तेव्हापासून ती भाकरी डाव्या हातानं थापते. एका अंगाला पातळ, एका अंगाला जाड. रोज माझ्या ताटात येते. तिचा एक चतकोर मी कधी ताटात राखलेला नाही. जाड बाजूसुद्धा गिळते. तो माझा दंड, मीच ठरवलेला, आणि अर्थातच अगदी हलका.

दीर दुकानावर जाऊन बजावून आला, "पुन्यांदा आमच्या बायांना शिकवाल तर दुकान ऱ्हाणार न्हाय." बायका यायच्या बंद झाल्या. ज्याला एक माणूस हवा होता, त्याच्याकडं तेवढंही उरलं नाही. मी खिडकीला पडदा लावला. दळण आणायला लांबच्या गल्लीतून जाऊ लागले. तरी कधी समोर आलेच तर ते थांबून विचारायचे, "बाई, गुडघा कसाय?"

"बरा आहे."

बराच होता. तेच तर होतं. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तो गुडघा मला त्यांची आठवण द्यायचा आणि मी पुढची पायरी चढायचे.

मंडपाच्या पायरीवर मास्तरांशी काय बोलणं झालं ते मी कितीदा सांगायचं ठरवलं. दिवाळी झाल्यावर सांगू. मग संक्रांतीला. मग वाटलं, आता गाव विसरलंय, उगीच कशाला. माझ्या विसरण्याला मी गावाचं नाव दिलं.

गेल्या पौषात ते गेले. दुकानातच, स्टुलावर बसलेले. तेरखेड्याहून पुतण्या आला आणि त्यांना घेऊन गेला. पारावर कुणीतरी म्हणालं, "बाया पाडणारं सिंगापूर गेलं." मी तिथून चालले होते. ऐकलं आणि तेव्हाही तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हायवे ओलांडला. दुकानाचं शटर बंद होतं. मागं लिंब तसाच. गवत भरपूर वाढलेलं, फक्त झाडासमोर दोन ठिकाणी जमीन उघडी, घोटून गुळगुळीत झालेली. एका ठिकाणी मोठ्या पावलांची जोडी, रोज त्याच जागी उभं राहून उमटलेली. तिच्या शेजारी लहान पावलांची दुसरी. मी बघत राहिले. त्यांच्याकडं तर कुणी येत नव्हतं.

मागून चप्पल काढल्याचा आवाज आला. धाकटी होती.

"अक्का? तुमी इथं?"

"तू इथं कशी?"

"शेळीला पाला न्यायला," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिलाच हसू आलं. कितीतरी वर्षं ती रोज सकाळी शेळीला पाला आणायला जात होती आणि शेळ्या विकून पाच वर्षं झालीत, हे आमच्या घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वर्ग चालवलेल्या बाईच्यासुद्धा.

तिनं लहान पावलांच्या जागी पाय ठेवले. बरोबर बसले. हात उचलून गोल केले. डावा हात सरळ आला. उजव्याचं मनगट वाकल्यामुळं बोटं बोटांसमोर येत नव्हती, मधे फट राहत होती.

"मास्तर म्हनायचे, न्हाय जुळलं तर न्हाय जुळलं. तुमचा रांजन जरासा गळंल, गळू द्या."

"कधीपासून?"

"प्लास्टर निघालं तवापासनं."

माझ्या पोटात जे होतं ते विचारायला मला सतरा वर्षं आणि तेवढाच एक क्षण लागला. "धाकटे, पायरीवर ते मला काय म्हणाले ते तुला..."

"दारातच हुते की म्या. कान काय घरी ठिवून आले हुते?" ती डोळे मिटूनच बोलत होती.

"मग बोलली का नाहीस?"

"म्या इचारलं मास्तरला, सांगू का सगळ्यास्नी. न्हाय म्हनले. म्हनले, बाईंच्या उठाबशा झाल्यात, बसनं ऱ्हायलंय. बसतील त्यांच्या त्या. आपन ढकलायचं न्हाय."

ते शेवटपर्यंत वाट बघत होते. आणि मी पडदा लावून बसले होते. म्हणजे बसलेच नव्हते.

या नवरात्रात, त्याच मंडपात, सहाव्या माळेला आरतीआधी मी बायकांसमोर उभी राहिले. दीरही होता. भाषण मी छत्तीस वर्षं केलं, पण त्या दिवशी सुरुवातीचं वाक्य सापडेना. शेवटी म्हणाले, "वेळ मी ठरवला होता. मास्तरांनी आदल्या दिवशी हात जोडायचेच तेवढे बाकी ठेवले होते, बसवा म्हणून. मी ऐकलं नाही. आणि नंतर त्यांच्यावर ढकललं."

मग भजनी मंडळातली एक म्हातारी म्हणाली, "बाई, लई उशीर केलात." एवढंच. दीर उठून गेला. आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि बोलला तेव्हा म्हणाला, "त्या मानसाला म्या काय काय बोललो हुतो."

आता रोज सकाळी धाकटी आणि मी लिंबाखाली जातो. ती पुढं, मी मागं. हायवे आम्ही अशा ओलांडतो की एसटीचे ड्रायव्हर आमच्याही आईपर्यंत पोचतात. मोठ्या पावलांच्या जागी मी उभी राहत नाही, तेवढं शिकलेय. जरा बाजूला राहते, गवतात. माझ्या पायाखालचं गवत अजून मरायला तयार नाही. सकाळी बघावं तर पुन्हा ताठ.

तीन मिनिटं झाली की धाकटी म्हणते, "बसा, अक्का." आणि माझ्या तोंडातून निघतंच, "अजून एक मिनिट." खोड जात नाही. परवाही म्हणाले. तिनं डोळे उघडले नाहीत. फक्त तिचा वाकडा हात माझ्या खांद्यावर आला आणि तिथंच राहिला. ढकललं नाही.

बसले.